एक लांब शिट्टी आणि हलका हात

मित्रांनो, ही गोष्ट १९९८ सालची. आज मी एक जुना, पिवळट पडलेला संगणक आहे. तेव्हा मात्र पाच महिन्यांचा होतो. कारखान्यातलं बालपण मला फारसं आठवत नाही. पट्ट्यावरून सरकलो, खोक्यात बसलो, एवढंच. खरं आयुष्य सुरू झालं ते आजोबांच्या घरात.

आजोबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. त्यांची थोरली बहीण अक्का तारखात्यात होत्या; तारयंत्राची नुसती कटकट ऐकून अक्षरं ओळखायच्या. सूनबाई शाळेत गणित शिकवत आणि रोज सकाळी माझ्यापुढे बसून मुलांसाठी गणिताचं पुस्तक लिहीत. त्यांच्या गणितांत मांजरीची पिल्लं जिना चढायची, तीन पायऱ्या वर आणि एक खाली. लिहिताना त्या स्वतःच खुदकन हसत. मला फार आवडे.

प्रकाशकांनी बजावलं होतं, सोमवारी पाचच्या आत छापील प्रत हवी, नाहीतर यंदा पुस्तक विसरा.

त्या घरात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक यंत्र उघडून पुसलं जाई. त्या रविवारी शिलाई मशीन झालं, पंखा झाला, मग आजोबांनी पहिल्यांदाच मला उघडलं. डोळ्याला भिंग लावून मऊ ब्रशने धूळ झाडली. मला गुदगुल्या झाल्या. मेमरीची पट्टी काढून पुसली आणि सेकंदकाटा बसवावा तशी अलगद परत ठेवली.

पुस्तक लिहून झालं होतं, फक्त छापायचं होतं. सोमवारी दुपारी शाळेतून येऊन सूनबाईंनी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळाठिक्कर. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "टीं…!" थांबलो. पुन्हा, "टीं…!"

"बाबा, काय केलंत हो याला?"

"मी? मी नुसतं न्हाऊ घातलं!"

"अख्खं पुस्तक आत आहे माझं. दुसरी प्रत नाही."

आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी वायरी घट्ट केल्या, प्लग बदलून पाहिला. शेवटी हात उगारला. "एक चापट देऊ का? आपला रेडिओ असाच सुरू व्हायचा."

"खबरदार, बाळ!" अक्का धाकट्या भावावर आतून कडाडल्या. "तो बोलतोय आणि तुमची मध्येच बडबड. गप्प बसा दोघंही."

त्यांनी डोळे मिटले. बोट मांडीवर पडू लागलं. "एक लांब. मग गप्प. परत एक लांब. बिघडलेलं यंत्र इतक्या शिस्तीत बोंबलत नाही. याच्याबरोबर पुस्तिका आली होती ना? आण ती."

पुस्तिकेत शिट्ट्यांचा तक्ताच होता. लांब शिट्टी पुन्हा पुन्हा, म्हणजे मेमरी सापडत नाही.

प्लग काढून मला पुन्हा उघडलं. पट्टी जागेवर होती, पण नुसती टेकलेली.

"दाब की रे!"

"जोर लावू? अक्का, चाळीस वर्षांत कशाला जोर लावला नाही मी. मोडली म्हणजे?"

"बाबा, हे घड्याळ नाही," सूनबाई म्हणाल्या. पट्टीच्या दोन टोकांवर त्यांनी आजोबांचे अंगठे ठेवले, वर स्वतःचे, आणि दाबलं. कट्! दोन्ही खिट्ट्या आपसूक मिटल्या.

बटण दाबताच मी एकदाच, छोटंसं "टीं" केलं.

"ठीक आहे म्हणतोय," अक्का म्हणाल्या.

पडदा उजळला. पुस्तक माझ्या डिस्कवर जसंच्या तसं होतं! प्रिंटर करकरत चाळीस पानं छापू लागला, आणि प्रत्येक पानाला आजोबा "आलं, आलं!" म्हणून टाळी वाजवत होते. पाचला दहा कमी असताना सूनबाईंची सायकल प्रकाशकांच्या दारात पोचली.

मित्रांनो, यंत्र अडलं तर हात उगारू नका, आधी कान द्या. आणि जीव ओतून केलेल्या कामाची दुसरी प्रत आजच करा. सूनबाईंनी त्याच संध्याकाळी दोन केल्या.

पुढे अक्का गल्लीभरच्या संगणकांच्या वैद्य झाल्या. लोक त्यांना टेलिफोनवरून शिट्ट्या ऐकवत. आजोबा नव्वदीपर्यंत जगले आणि हाताखालचं काम शेवटपर्यंत हलक्या हातानेच करत राहिले, फक्त मला सोडून. सूनबाई मुख्याध्यापिका झाल्या. त्यांचं पुस्तक अकरा वेळा छापलं गेलं. आणि मी? मी त्यांच्या शाळेत आहे. सुरू व्हायला मला पेलाभर पाणी पिण्याइतका वेळ लागतो. तेवढ्यात मुलं त्या पुस्तकातलं एखादं गणित तोंडी सोडवून मोकळी होतात, आणि मग माझ्या पडद्यावर उत्तर ताडून पाहतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.