सिंहासनाचे हात

सोफेवाल्याचं डोकं बसस्टॉपवरच फिरलं. पहिली बस आली तर दाराच्या मधोमध लोखंडी दांडा. कंडक्टर आईच्या चाकांच्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "ही नाही बसायची, मागची बघा." मागचीलाही दांडा. तिच्या मागची थांबलीच नाही. ड्रायव्हरनं लांबूनच खुर्ची बघितली आणि गाडी हाणली.

"चल, चालत जाऊ," आई म्हणाली.

"चालत कोण? तू?"

"तू. लहानपणी मी चालायचे न् तू कडेवर बसायचास. आता फिट्टंफाट."

घाई होती ती मावशीची. आईची ही थोरली बहीण दवाखान्यात होती आणि दुपारी तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. एकदा ते झालं की आवाज गेला तो गेला, डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलेलं. आत्ताही फोनवर नुसती खरखर यायची. तोंडाशी कान नेला तरच शब्द कळायचे. आईनं जन्मभर त्या तोंडची बोलणी खाल्लेली. "शेवटच्या चार शिव्या खाऊन येते, मग होऊ दे मुकी," असं ती सकाळपासून घोकत होती.

टॅक्सी करायची तर आईला उचलून आत ठेवायला लागणार, आणि आईला उचलायचं नाही हा घरातला कायदा. एका लग्नात दोन पुतण्यांनी तिला खुर्चीतून उचलून स्टेजवर नेलं होतं. कपडे गुडघ्यापर्यंत वर गेले आणि सगळा मांडव बघत राहिला. तेव्हापासून तिचं एकच. "मेल्यावर चौघं उचलणारच आहेत. तोवर कुणी हात लावायचा नाही."

म्हणून तर सोफेवाल्यानं जीव ओतून ती खुर्ची बनवली होती. दुकानातली चाकाची खुर्ची आणली, तिचे काडीसारखे हात काढून फेकले, रुंद लाकडी हात बसवले, त्यावर स्पंज, वर रेक्झिन, कडेनं पितळी खिळे. गल्लीत तिला सिंहासन म्हणायचे. सोफेवाल्याच्या हातचं काम म्हणजे चिकटवायला सरस आणि ठोकायला खिळे, स्क्रूचं नाव नाही. "स्क्रू लावतो तो, ज्याला आपल्या कामाचा भरवसा नाही," हे त्याचं पेटंट वाक्य.

तर ते सिंहासन निघालं. फूटपाथवर चढवलं तर पुढे झाड, झाडाला टेकून स्कूटर, स्कूटरपुढे विजेचा डबा, आणि डब्यापलीकडे फूटपाथच संपलेला, खाली वीतभर खड्डा. आईला हिसका बसला की ती दात आवळायची आणि सोफेवाला शिवी गिळायचा. शेवटी त्यानं खुर्ची सरळ रस्त्यात घातली. मागून भोंगे सुरू. एका गाडीवाल्यानं काच खाली केली.

"आजींना घेऊन रस्त्यात कशाला मरायला आलायस?"

"फूटपाथवर तुझ्या भावानं गाडी लावलीय. ती काढायला सांग, जातो तिकडून."

"भांडण नको," आई म्हणाली. मग काच वर जायच्या आत तिनंच सुनावलं, "आणि आजी कुणाला म्हणतोस रे टकल्या?"

दवाखान्यात पोचले तेव्हा सोफेवाल्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. लिफ्ट आली, खुर्ची आत ढकलली आणि तिचे दोन्ही हात दारात अडकले. फार नाही, चार बोटांनी. शेजारी मोठी लिफ्ट होती, हत्ती मावेल एवढी, आणि तिच्यापुढे स्टुलावर लिफ्टवाला.

"ही पेशंटसाठी," तो म्हणाला.

"मग मी काय हवापालटाला आलेय?" आई म्हणाली. "पाय चालत नाहीत माझे."

"अ‍ॅडमिट आहात?"

"नाही."

"मग पेशंट नाही."

"दोन मिनिटं लागतील रे बाबा. वरती माझी मावशी आहे," सोफेवाला म्हणाला.

"सगळ्यांचंच कुणी ना कुणी वरती असतं." लिफ्टवाल्यानं जांभई दिली.

सोफेवाल्याची मूठ वळली. तेवढ्यात आईनं विचारलं, "माप कशाचं घेतलं होतंस रे?"

"आपल्या घराच्या दाराचं."

"म्हणजे मी घरातच बसायचं ठरवलं होतंस तू."

ते त्याला लिफ्टवाल्याच्या जांभईपेक्षा जास्त लागलं. खुर्चीमागच्या पिशवीत त्याची हत्यारं असायचीच. त्यानं हातोडी आणि पटाशी काढली, भर दवाखान्यात उकिडवा बसला आणि घाव घातला. लोक बाजूला झाले. कुणीतरी ओरडलं, "इथं काय सुतारकाम चालवलंय?" त्यानं मान वर केली नाही. स्क्रू असते तर फिरवले आणि झालं असतं. इथं स्वतःचंच पक्कं काम फोडायचं होतं. रेक्झिन फाटलं, स्पंज लोंबला, पितळी खिळे फरशीवर घरंगळले.

"एकच काढ, पुरे होईल," आई हळूच म्हणाली.

पण तोवर दुसऱ्यावरही घाव बसला होता.

वर मावशीला ऑपरेशनसाठी खाली न्यायची तयारी चालली होती. खुर्चीला हात उरले नव्हते, म्हणून ती खाटेला अगदी चिकटली आणि आईचा कान थेट मावशीच्या तोंडाशी गेला. मावशी बराच वेळ खरखरत होती. आई मान डोलवत होती, मध्येच हसत होती. मग तिनं खालची सगळी कहाणी सांगितली. मावशीचे डोळे बारीक झाले. ते बारीक झाले की घरातली मांजरंही पळायची.

वॉर्डबॉय खाट घेऊन निघाले. मोठी लिफ्ट उघडली. लिफ्टवाल्यानं आईला बघितलं आणि बाजूला सरकला. "या. पेशंटबरोबरचे चालतात."

खाट आत गेली, खुर्ची गेली, सोफेवाला गेला, तरी अजून एक सोफा मावला असता. सोफेवाल्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

तेवढ्यात मावशीनं लिफ्टवाल्याकडे बोट केलं आणि ती खरखरायला लागली.

"काय म्हणताहेत?" त्यानं विचारलं.

आईनं कान लावून ऐकून घेतलं, मग ताठ बसली आणि खणखणीत आवाजात सुरू झाली. "ताई म्हणतेय, मेल्या, या लिफ्टमध्ये तुझ्या बापाचं काय अडलं होतं? ताई म्हणतेय, तुझ्यावर अशी वेळ आली तर तुला जिना दाखवायला तुझ्यासारखाच भेटो."

लिफ्ट खाली पोचली तरी आई थांबली नाही. त्यातलं किती मावशीचं आणि किती आईचं, सोफेवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मावशी मात्र प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.