मोठ्या आवाजाचं घर

आजी घरात बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीतली माणसं ओ देत. यात तिचा काही दोष नव्हता. तिचं आणि आजोबांचं उभं आयुष्य कापड गिरणीच्या मागखात्यात गेलं होतं. शेकडो माग एकदम धडधडत असताना "चहा घेणार का?" हेसुद्धा तिथे बोंबलूनच विचारावं लागे. आजोबांनी लग्नाची मागणीही तिथेच घातली, आणि ती अख्ख्या पाळीने ऐकली. पुढे गिरणी सुटली, पण आवाज काही खाली आला नाही.

मुलगा आणि सून अपघातात गेल्यापासून दोन्ही नातवंडं यांच्याकडेच होती. आठ वर्षांची खारूताई आणि सदान्‌कदा तिच्या मागे मागे फिरणारा धाकटा ठोंब्या. कायद्याने मात्र ती अजून कुणाचीच नव्हती. पालकत्वाचा अर्ज कोर्टात होता. कोर्टाने चौकशीला नेमलेल्या अधिकारी बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांना जिन्यातच ऐकू आलं, "अगं, किती वेळ लावशील? आंघोळीचं पाणी गार झालं!" घरात सतत आरडाओरडा असतो, मुलं दडपणाखाली असावीत, असं बाईंनी लिहून टाकलं. त्यांच्या वकिलाने ते फोनवर वाचून दाखवलं आणि आजीच्या पायाखालची जमीन सरकली. पुढच्या भेटीतही हेच दिसलं, तर मुलं बालगृहात जाणार होती.

"आजी, बाई येतील तेव्हा फक्त हळू बोला," वकील म्हणाला.

"त्यात काय एवढं!" आजी म्हणाली. वकिलाने फोन कानापासून लांब धरला.

भेटीच्या दिवशी सकाळपासून दोघं कुजबुजायला लागली. आजोबा तर खोकलासुद्धा गिळत होते. सगळं केलं शहाण्यांनी, पण मुलांना काही सांगायचंच राहून गेलं. आणि या घरात शांततेचा अर्थ एकच होता. आजी चिडली की गप्प बसे. फारच चिडली तर हळू आणि गोड बोले, आणि तो गोड आवाज ऐकला की आजोबासुद्धा चपला घालून बाहेर सटकत.

बाई येऊन खुर्चीवर टेकल्या. आजीने आत पाहून हळूच हाक मारली, "खारू, बाळा, जरा बाहेर येतेस का?"

खारूताई आली ती पांढरीफटक पडून. ठोंब्या टेबलाखाली शिरला.

"आजी, आम्ही काय केलं?" तिने दारातूनच विचारलं. "आम्हाला पाठवून देणार आहेस का?" आणि तिने भोकाड पसरलं. बाईंनी पेन उघडलं.

आजी ताडकन उठली. वकील गेला खड्ड्यात, बाई गेल्या खड्ड्यात!

"कुठे पाठवणार गं तुला?" ती गरजली. फळीवरचे पेले किणकिणले. "जीव गेला तरी सोडायची नाही तुम्हाला! ठोंब्या, बाहेर ये आधी, दूध पी!"

"साय काढ!" टेबलाखालून तेवढ्याच जोरात उत्तर आलं. खारूताई रडता रडता हसायला लागली.

बाईंनी कानांवरचे हात काढले. "काय गं, आजी एवढी ओरडते, तुला भीती नाही वाटत?"

"ओरडते कुठे? बोलते!" खारूताईही काही कमी नव्हती. "गप्प बसली की भीती वाटते."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी नवा कोरा कागद काढला आणि म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्ही खोकून घ्या बरं."

कोर्टात न्यायाधीश बाईंनी निकाल वाचला. दोन्ही मुलांचं पालकत्व आजी-आजोबांना. "जबाबदारी मान्य आहे ना, आजी?"

आजी उभी राहिली. तोंड उघडलं, पण आनंदाच्या भरात शब्दच फुटेना. जन्मात पहिल्यांदाच तिला आवाज सोडून गेला होता. मागच्या बाकावर खारूताईचा चेहरा उतरला. ती टुणकन उठली.

"आजी, रागावलीस का?"

आजीने वळून नातीकडे पाहिलं. छाती भरून श्वास घेतला.

"मान्य आहे!"

खिडकीच्या काचा थरारल्या. शेजारच्या दालनातले दोन वकील आणि एक शिपाई काय झालं म्हणून धावत आले. आजोबा दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते, ठोंब्या बाकावर चढून "मान्य! मान्य!" असं ओरडत नाचत होता, आणि अधिकारी बाई चक्क डोळे पुसत होत्या. न्यायाधीश बाईंनी कुणालाही शांत राहायला सांगितलं नाही. त्यांनी सही केली, आणि पोरं कायद्यानेही आजीची झाली.