ताईचा ठोका आणि माझा उशीर

मित्रांनो, मी एक जुना वूफर आहे. म्हणजे स्पीकरमधला जाड आवाजाचा गडी. लाकडी खोक्यात बसवलेला कागदाचा मोठा काळा वाडगा, त्याच्या मागे चुंबक, आणि वजन असं की दोघं उचलायला आले तरी कण्हतात. आपली गोष्ट सांगताना लोक छाती पुढे काढतात. मला मात्र मान वर करायचीही लाज वाटते. का ते सांगतो.

माझा जोडीदार म्हणजे पडदा. उंच चौकटीत ताणलेली एक पातळ फिल्म आणि दोन्ही बाजूंना जाळी. विजेच्या ओढीने ती फिल्म थरथरते आणि तिच्यातून आवाज निघतो. बासरी, माणसाचा गळा, तारेवर पडलेलं बोट, सगळं त्याच्याकडे. अगदी हलका आणि चपळ गडी! पण जाड स्वर काही त्याला झेपत नाहीत, म्हणून मी.

आमच्या मालकांनी आम्हाला घराच्या मागच्या खोलीत स्वतः घडवलं. पडद्यावर धूळ बसू नये म्हणून उकाड्यातही ते पंखा लावत नसत. त्यांनी पडदा वाजवून पाहिला, पसंत केला. मला वाजवून पाहिलं, पसंत केलं. दोघं एकेकटे पास झाले म्हणजे जोडीही पास, असं त्यांनी धरून टाकलं. शिवाय पडदा होता देखणा, आरपार दिसणारा. त्याच्याशेजारी माझं धूड कशाला, म्हणून मला पार मागे कोपऱ्यात ढकललं. तिथे माझा आवाज भिंतींवर आपटून घुमत राहायचा. पडद्याचं बोलून व्हायचं तेव्हा कुठे माझं सुरू व्हायचं, आणि लवकर संपायचंही नाही.

आम्हाला ऐकायला पहिली आली ती मालकांची थोरली बहीण, ताई. ती डबल बास वाजवायची. स्वतःपेक्षा उंच, जाड तारांचं ते वाद्य ती उभ्याने वाजवायची आणि बाकीचे वादक तिच्या ठोक्यावर चालायचे. लहानपणी मालकांना टाळीवर ताल धरायलाही तिनेच शिकवलं होतं. पुढे तिची बोटं आखडली आणि वाजवणं सुटलं. पण आता एका संगीतशाळेने तिला मुलांना शिकवायला बोलावलं होतं. कितीतरी दिवसांनी ताई खुशीत होती.

मालकांनी तिचंच जुनं रेकॉर्डिंग लावलं. ताई पायाने ठेका धरून ऐकू लागली. तारेवर तिचं बोट पडलं की पडदा तो आवाज तिथल्या तिथे द्यायचा. पण त्या बोटाचा खरा भरदार स्वर माझ्याकडे होता, आणि मी तो रेंगाळत, फरफटत आणायचो. थोड्या वेळाने ताईचा पाय थांबला.

“अरे, मी इतकी मागे राहायचे?”

मालक अभिमानाने म्हणाले, “ताई, हा स्पीकर काही लपवत नाही गं. जे आहे तेच ऐकवतो.”

“आणि इतकी वर्षं मला कुणी बोललंसुद्धा नाही!”

ती पाणीही न पिता निघून गेली. दुसऱ्याच दिवशी तिने शाळेला नकार कळवला. मालकीणबाईंना फोनवर म्हणाली, “जिला स्वतःला ठोका सांभाळता आला नाही, ती पोरांना काय डोंबल शिकवणार?”

मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण आमच्या जन्माचं असं आहे की दुसऱ्याचा आवाज हवा तेवढा काढायचा, स्वतःचा एक शब्दही नाही. इतका शरमलो की लपायला तो कोपराही मला अपुरा वाटला.

बरेच दिवस गेले. मालकांनी नवा माइक आणला आणि सहज घरातलेच आवाज टिपले. नळ, पावलं, पुढचं दार लागताना. मग ते आमच्यावर लावले. दाराची वेळ आली. पडद्यातून कडीचा ‘टक्’ आला, आणि मागाहून सावकाश माझा ‘धप्प’.

कपड्यांच्या घड्या घालता घालता मालकीणबाई हसल्या. “अहो, आपलं दार आधी कडी लावून घेतं आणि मग बंद होतं की काय?”

मालकही हसले. मग त्यांचं हसू मावळलं. ते उठले, खरं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. टक् आणि धप्प एकदमच! “ताई...” म्हणत ते तडक माझ्या कोपऱ्याकडे वळले.

मग त्यांनी मला कोपऱ्यातून ओढून पडद्याला खेटून उभं केलं. पडद्याला झेपतील ते स्वर माझ्याकडून काढून घेतले, मला फक्त तळाचे ठेवले. आणि या वेळी आम्हाला एकत्र ऐकलं. दार एकाच दमात लागेपर्यंत त्यांनी पिच्छा सोडला नाही.

ताई यायलाच तयार नव्हती. “एकदा फजिती झाली तेवढी पुरे,” म्हणाली. मालकीणबाई तिला हाताला धरून घेऊन आल्या. रेकॉर्डिंग लागलं. ताईचा पाय हलू लागला आणि शेवटपर्यंत थांबला नाही.

“चुकलो गं ताई,” मालक खाली बघत म्हणाले. “उशीर तुझा नव्हता. ह्या खोक्याचा होता. म्हणजे माझाच.”

“खोक्याचं सोड रे,” ताई म्हणाली. “टाळी द्यायला तुला मी शिकवलं. मग मी मागे राहायचे हे तुला खरं कसं वाटलं?”



शाळेने तोवर दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं. ताई आता शेजारच्या दोन मुलींना आमच्याच खोलीत शिकवते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला जपा, असं मी मागणार नाही. पण कुणी मागे पडलंय असं माझ्यासारख्याच्या सांगण्यावरून वाटलं, तर त्या माणसाला बोल लावण्याआधी मला तेवढं कोपऱ्यातून ओढून बघा.

काल त्या मुलींचे हात चुकत होते. ताईने तेच रेकॉर्डिंग लावलं आणि माझ्या खोक्यावर प्रेमाने थाप मारली. “ह्याच्याबरोबर टाळी द्या गं,” ती म्हणाली. “हा चुकत नाही.”