गलेफाचा चौथा कोपरा

महिपतीला गावात कुणी तोंडावर बोलत नव्हतं, म्हणून तर गोजरबाईचं डोकं जास्त तापलं होतं.

"काय अवदसा आठवली ह्या माणसाला," ती चुलीपुढं धुमसत होती. "आमच्या निरवांगी गावात समोरासमोर खुर्च्या मांडल्या!"

महिपती तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सहा वर्षांचा. तिच्या हातची भाकरी खाऊन शिकला आणि परदेशात राजदूत झाला. कुठल्याशा बेटावर चर्चवाले नि मशीदवाले एकमेकांच्या जिवावर उठले, तेव्हा हा चाळीस दिवस दोघांच्या मध्ये बसून राहिला. कुठल्या राजाच्या कैदेतली माणसं नुसतं बोलून सोडवली. आता निवृत्त होऊन गावी राहायला आलेला.

त्र्याण्णव सालचा फेब्रुवारी. मुंबईतल्या दंगलीच्या बातम्यांनी महिपतीची झोप उडवली होती. आपल्या गावात ठिणगी पडू नये म्हणून त्यानं शाळेत शांतता सभा बोलावली. मधे टेबल, त्यावर पांढरी चादर, एका बाजूला हिंदू, एका बाजूला मुसलमान. किराणा दुकानवाला बादशाह सवयीनं हिंदूंच्या बाजूला, दोस्त सोपानच्या शेजारी टेकायला गेला. दोघांची तंबाखूची पिशवीच एक. तर महिपती अदबीनं म्हणाला, "बादशाहभाई, आपली बाजू तिकडं."

बादशाह उठून गेला. सभा गोडीगुलाबीनं पार पडली. ज्यानं त्यानं आपापले सण आपापल्या घरून शांततेत करावेत, असा कागद झाला. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या.

आणि संध्याकाळी बादशाहच्या बायकोचा, रोशनबीचा निरोप आला : उद्या पिराचा उरूस, पण गलेफ यंदा आमच्याच घरून निघंल. कागदात तसंच लिहिलंय.

पिराच्या कबरीवर चढवायचा गलेफ, म्हणजे हिरवी चादर, शिवायचा रोशनबीच्या घरी. पण त्याचा चौथा कोपरा उघडा ठेवायचा. तो शिवायचा गोजरबाईनं, आणि मग गलेफ वाजतगाजत निघायचा तिच्या उंबऱ्यावरून. घरात मेंढरं होती तेव्हापासूनची रीत. मेंढरं गेली, रानात ऊस आला, रीत राहिली. नवरा गेला त्या सालीसुद्धा तिनं डोळे पुसून कोपरा शिवला होता.

सकाळी तिनं माळ्यावरून जेन काढलं. घरच्याच लोकरीचं, दहा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढं घोंगडं. गावातली कुठलीही बोलणी आजवर त्याच्यावरच बसून झालेली.

"वहिनी, मी एकटा जाऊन बोलतो," महिपती म्हणाला. "कागदातले शब्द दुरुस्त करू."

"शबूद ऱ्हाऊ द्या, भावजी. खांदा रिकामा हाय न्हवं? ह्ये घ्या."

राजदूत घोंगडं खांद्यावर टाकून आळीतून वहिनीमागं निघाले.

बादशाहच्या अंगणात गोजरबाईनं जेन अंथरलं. रोशनबी दारातून हलली नाही.

"आमची बाजू कंची, गोजराक्का? आदी सांगा, मग बसते."

"बाजू गेली चुलीत. ढुंगान टेकंल तितं बस. आन च्या टाक. माज्या दिराला साखर कमी घाल, जीभ त्येंची मुळातच गोड हाय."

रोशनबीचे ओठ हलले, डोळे नाही. "थट्टा करू नका, आक्का. ह्ये काल जेवलं न्हाईत. साठ वर्सं ह्या गावात काढली, कुणी म्हनलं न्हवतं, उठा, तुमी तिकडं बसा."

गोजरबाईनं हळूच विचारलं, "कोपरा शिवलास?"

रोशनबी आत गेली. गलेफ घेऊन आली. तीन कोपऱ्यांना जरीची पट्टी लागलेली. चौथा तसाच उघडा, दोरे लोंबत असलेला.

"हात झाला न्हाय," ती दुसरीकडं बघत म्हणाली.

तिच्यामागून बादशाह बाहेर आला. महिपती गुडघे सावरत जेनावर बसला. "चुकलं माझं, बादशाहभाई. जिथं जिथं मला धाडलं, तिथं माणसं आधीच फुटलेली असायची. दोन बाजू धरूनच कामाला लागायचो. एकत्र बसलेली माणसं मला कामावर कधी भेटलीच नाहीत."

बादशाह त्याच्या शेजारी टेकला आणि तंबाखूची पिशवी महिपतीच्या मांडीवर ठेवली. महिपतीनं जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. त्यानं चिमूटभर घेतली आणि ठसकला.

गोजरबाईला आता वयामुळं सुईचं नाक दिसत नव्हतं. तिनं सुई-दोरा दिराकडं सरकवला. तीनदा चुकून चौथ्यांदा दोरा ओवला गेला. कोपरा शिवून तिनं दोरा दातानं तोडला, आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली :

"भावजी, लांबच्या मुलखात तुमी भांडलेल्यांना एका जागी बसवलं. त्येचा मला गर्व हाय, सांगत फिरते मी. पर हितं तुमी एका जागी बसल्यालं उठवलं. गुन्हा तुमचा, आता शिक्षा ऐका. गलेफ आज माज्या उंबऱ्यावरनं निगंल, तुमच्या डोस्क्यावरनं, अनवानी. आन हितनं फुडं दर साली सुई तुमीच ओवायची."