लाइबाच्या पाण्यातली मेथी

सुलेखा मॅडमनी आठवीच्या वर्गाकडून मेथी पेरून घेतली, तेव्हा अट एकच होती. माती, बी, ऊन सगळं सारखं ठेवायचं, बदलायचं ते फक्त पाणी. काही कुंड्यांना नळाचं, काहींना मिठाचं.

"आमच्या बोअरचं चालेल का?" लाइबानं विचारलं. मॅडम हो म्हणाल्या.

नळाच्या पाण्यावर मेथी तरारली. लाइबाच्या कुंडीत मात्र पानांच्या कडा करपल्या, मुळं तपकिरी पडली आणि रोपांनी माना टाकल्या. मिठाच्या पाण्याची गतही जवळपास तीच.

"जास्त पाणी घातलंस का?"

"नाय मॅडम, मापानंच घातलं."

मॅडमनी प्रयोग पुन्हा लावला. कुंड्यांच्या जागा बदलल्या, पाणी स्वतः घातलं. लाइबाच्या पाण्यावरची रोपं तशीच मेली. मग त्या पाण्याचा नमुना घ्यायला बाटली घेऊन लाइबाच्या घरी गेल्या.

घर कारखान्यांमागच्या वस्तीत होतं. लाइबाची आई वहिदा खाटेवर पडून होती. पाय सुजलेले, मूत्रपिंडं निकामी होत चाललेली. बोअर अंगणातच होता आणि सगळी गल्ली त्याचंच पाणी भरत होती.

"ह्या पाण्यानंच हिला झालं का?" लाइबाच्या वडलांनी, चांदपाशानं, हळूच विचारलं.

"मेथी जळाली म्हणून तसं म्हणता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी पाणी तपासून घेऊ."

प्रयोगशाळेचा अहवाल आला. क्षार आणि धातू प्रमाणाबाहेर, पाणी पिण्यास अयोग्य. चांदपाशानं त्याच संध्याकाळी बोअरची मोटार काढून ठेवली.

गल्ली पेटली. शेजारची लीलाबाई दारात येऊन म्हणाली, "पोरीच्या कुंड्या सुकल्या म्हणून आमचं पाणी तोडलं व्हय? उकळून पिलो असतो."

"उकळून क्षार जात नाय, मावशी," लाइबा म्हणाली. लीलाबाई तोंड फिरवून निघून गेली.

आता गल्लीला पाणी टँकरचंच, आणि त्याचा काही नेम नसायचा. रांगेत लाइबाला कुणी पुढं घेईना. तिची शाळा बुडू लागली, आणि एके सकाळी वहिदा गेली.

गुसलसाठी, मयताला न्हाऊ घालायला, घरात पाणी नव्हतं. टँकर कित्येक दिवसांत फिरकला नव्हता. चांदपाशा पाना घेऊन मोटारीकडं निघाला. लाइबानं त्याचा हात धरला.

"अम्मीला त्या पाण्यानं नको, अब्बा."

लीलाबाई दारातच उभी होती. ती घरी गेली आणि पिण्यासाठी राखलेली कळशी घेऊन आली. तिच्यामागं गल्लीतल्या बाकीच्या बायका आल्या. कुणाच्या हातात हंडा, कुणाच्या हातात नुसता तांब्या. दारात पाणी ठेवून त्या बाजूला उभ्या राहिल्या. वहिदाला त्या पाण्यानं न्हाऊ घातलं.

उन्हाळा चढला तसं टँकरचं येणं आणखी कमी झालं. एक दिवस त्याच बायका चांदपाशाकडं आल्या.

"भाऊ, मोटार बसवा. लेकरं तहानली हायेत."

ह्यांनीच वहिदासाठी पिण्याचं पाणी दिलं होतं. त्यांना नाही म्हणायला आता त्याला तोंड नव्हतं. त्यानं मोटार बसवली.

आता गल्ली पुन्हा तिथंच पाणी भरते. एकटी लाइबा तेवढी, शाळा बुडवून, टँकरची वाट बघत चौकात उभी असते.