डाग पडणारं पेट्रोल

मिस्त्रिणीला घाण अजिबात खपत नसे, आणि तिच्या वाट्याला धंदा आला तो नेमका बोटींची इंजिनं उघडायचा. धक्क्यावरचे नावाडी तिला हसायचे. कुणी चिकट हाताने तिचा पाना उचलला तर त्याची खैर नसायची. पण इंजिन बंद पडलं की सगळे तिच्याकडेच यायचे. वडिलांच्या मागे दुरुस्तीची शेड तिच्याकडे आली होती आणि तिला लागून असलेली पेट्रोलची टपरी धाकट्या भावाकडे. मधे एक पत्र्याची भिंत तेवढी. पलीकडे भाऊ शिंकला तरी इकडे ऐकू यायचं.

त्या दिवशी सकाळी तिने शेडचं दार उघडलं न उघडलं तोच लंबू नावाडी धापा टाकत आला.

"मिस्त्रीणबाई, लवकर चला. सेल्फ मारला की घरघर फिरतंय, पण सुरूच होत नाही. सिस्टर कधीच्या बोटीत बसल्यात."

सिस्टर दर आठवड्याला पलीकडच्या बेटावर बाळांना लस टोचायला जायची. मिस्त्रीण हत्यारांची पेटी घेऊन धक्क्यावर पोहोचली तेव्हा ती मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसली होती.

"किती वेळ लागेल?" सिस्टरने विचारलं. "बर्फ दुपारपर्यंतच टिकतो."

"बघते," मिस्त्रीण म्हणाली आणि तिने इंजिनाचं वरचं झाकण उचललं. उचललं आणि तोंडच फिरवलं.

आत माशांचे वाळलेले खवले होते. दोन मेलेली झुरळं होती, एक पालथं, एक अर्धं. तारांवर बोटभर जाडीचा ग्रीसचा थर होता, त्यात केस आणि माती अडकलेली, आणि प्लगच्या टोपीला कुणाच्या तरी जुन्या परकराची चिंधी गुंडाळलेली.

"हे काय थापलंय?"

"ग्रीस. मेव्हणा म्हणाला, खारा वारा लागत नाही."

"मेव्हणा काय करतो?"

"कपडे शिवतो."

"मग त्याला सांग, गिऱ्हाइकांच्या शर्टांना लाव म्हणावं. शी! इंजिन आहे की उकिरडा? माणसाला थोडी तरी किळस असावी."

लंबू ओशाळून हसला. मिस्त्रिणीने नाक आक्रसून ती चिंधी दोन बोटांनी काढली आणि कामाला लागली.

आधी साध्या गोष्टी. इंजिन बंद करायच्या लाल दोरीचा चाप जागेवर होता. गियर न्यूट्रलला होता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता, आणि नळीवरचा रबरी फुगा दाबला तर तो घट्ट झाला. म्हणजे पेट्रोल पुढे जात होतं.

"मार सेल्फ. पाच मोजायचे आणि सोडायचा. बॅटरी खाऊ नकोस."

इंजिन घरघरलं, फिरलं, पण पेट काही घेईना. तिने प्लग काढला, टोपीला लावून लोखंडाला टेकवला आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितलं. निळीशार ठिणगी चटचटली. ठिणगी आहे, पेट्रोल येतंय, तरी पेटत नाही. तिने प्लग डोळ्यांजवळ धरला. ओला होता, आणि वर काजळीचा जाड थर. मग तिने तो नाकाशी नेला.

रॉकेल. वास ओळखायला तिला दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही.

तिने कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडला आणि वाटीत साठलेलं काचेच्या बाटलीत उतरवलं. दोन थेंब बोटांवर चोळले. पेट्रोल उडून जातं, बोटं गार पडतात आणि कोरडी होतात. हे उडेना. कुणाच्या तेलकट डोक्यावरून हात फिरवावा तशी बोटं बुळबुळीत राहिली.

"यात रॉकेल कुणी घातलं?"

"मी कशाला घालू?" लंबू घाबरला. "टाकी खडखडीत कोरडी होती. काल संध्याकाळी तुमच्या धाकट्याकडूनच भरली. माझ्यासमोर, थेट पिंपातून."

वरूनच खराब माल आला असेल, मिस्त्रिणीने मनाशी म्हटलं. भावाला तरी काय कल्पना. तिच्या शेडमध्येही एक कॅन होता, धाकटा दर आठवड्याला स्वतः आणून ठेवायचा तो. कालच भरलेला होता. ती तो घेऊन आली. मग तिने सिस्टरकडे दोन कोरे कागद मागितले. सिस्टरने वहीच्या मागच्या बाजूची दोन पानं फाडून दिली.

मिस्त्रिणीने एका कागदावर बाटलीतला थेंब टाकला, दुसऱ्यावर आपल्या कॅनमधला, आणि दोन्ही कागद फळीवर उन्हात ठेवले.

"ह्या इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत नाहीत," ती सिस्टरला म्हणाली. "म्हणजे चांगलं पेट्रोल असेल तर मागे काही राहायला नको."

थोड्या वेळात तिच्या कॅनमधला थेंब पार उडून गेला. कागद होता तसा पांढरा. दुसऱ्या कागदावर मात्र भज्यांच्या पुडीला पडावा तसा डाग राहिला, उन्हाकडे धरला तर त्यातून उजेड आरपार येत होता.

"दोन्ही एकाच टपरीवरचं?" सिस्टरने विचारलं.

"हो."

"एकाच दिवसाचं?"

"हो," मिस्त्रीण म्हणाली. तिने डागाचा कागद उचलला आणि टपरीकडे पाहिलं.

पण बर्फ वितळत होता. तिने टाकी पूर्ण उपसली, नळी झटकली, वाटी धुतली, जेटच्या बारीक भोकात हवा मारली, नवे प्लग बसवले आणि आपला कॅन टाकीत ओतला. फुगा घट्ट होईपर्यंत दाबला. पहिल्या खेपेला इंजिन नुसतं खाकरलं, दुसऱ्याला काळा धूर ओकलं, तिसऱ्याला सुरू झालं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून नीट पडते आहे हे बघून तिने लंबूला हात केला. बोट वळली आणि बेटाच्या दिशेने निघाली.

ती तशीच टपरीत गेली. धाकटा पांढराशुभ्र शर्ट घालून गल्ल्यामागे बसला होता. दिवसभर पेट्रोल विकूनही त्याच्या अंगाला अत्तराचा वास यायचा. याचं तिला आजवर कौतुक वाटत आलं होतं.

तिने डागाचा कागद त्याच्या समोर ठेवला. "किती दिवस चाललंय हे?"

त्याने कागद पाहिला, मग दाराकडे पाहिलं. "अक्का, हळू बोल. आत ये."

"किती दिवस?"

"सगळेच करतात गं. एवढं तेवढं मिसळलं तर इंजिन मरत नाही."

"मग माझा कॅन वेगळा कशाला?"

धाकटा हसला. खरोखर प्रेमाने हसला. "तू माझी सख्खी बहीण. तुला असलं देईन होय? तुझ्यासाठी पहिल्यापासून बाजूला काढून ठेवतो."

ते प्रेमाचं हसू तिला झुरळांपेक्षा घाणेरडं वाटलं.

"आणि उगाच साळसूद बनू नकोस," तो पुढे म्हणाला. "तुझी शेड कशावर चालते? या मोसमात एक दिवस तरी रिकामी बसलीस का? इंजिनं बिघडली म्हणूनच आली ना तुझ्याकडे?"

मिस्त्रिणीला एकेक इंजिन आठवायला लागलं. काजळीने भरलेले प्लग तिने घासले होते, कार्बोरेटर उघडून धुतले होते. दर वेळी नावाड्याला झापलं होतं, तुम्ही लोक गलिच्छ, तुम्हाला इंजिन सांभाळता येत नाही. बिचारे मान खाली घालून ऐकायचे. आणि तिच्या हातांना सवय होती, नाकाला सवय होती, तरी आपल्याच भिंतीपलीकडचा वास तिला आला नव्हता. की आला होता आणि घरचा म्हणून तिने तो घेतलाच नव्हता?

ती बाहेर आली आणि टपरीमागे जाऊन ओकली.

दुपारी बोट परतली तेव्हा धक्क्यावर सात-आठ नावाडी होते. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, भावाचं नाव घेऊन. कागद दाखवला. आपला कॅन वेगळा होता, हेही सांगितलं.

संध्याकाळी आई आली. ती धाकट्याकडेच राहायची.

"सख्ख्या भावाची अब्रू वेशीवर टांगलीस," आई म्हणाली. "घरातलं घरात मिटलं नसतं?"

"आई, त्या बोटीत माणसं बसतात. भर पाण्यात बंद पडली असती तर?"

"पडली नाही ना? मग झालं तर."

मिस्त्रिणीने आईकडे पाहिलं. लहानपणी हातांना माती लागली तर रट्टे देणारी हीच बाई. तिला वाद घालावासाही वाटला नाही. "अंधार व्हायच्या आत घरी जा," एवढंच ती म्हणाली.

नावाड्यांनी मोठ्या रस्त्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणायला सुरुवात केली. महिन्याभरात टपरीचं दार उघडायचं थांबलं. धाकट्याने ती जाळी विकणाऱ्याला भाड्याने दिली. रस्त्यात समोर आला की तो पलीकडच्या बाजूने जायचा, आणि मिस्त्रीण त्याला हाक मारायची नाही. तिला राग येत नव्हता. राग निवळतो तरी. त्याचा पांढरा शर्ट दिसला की इंजिनातली झुरळं दिसल्यासारखं ती तोंड फिरवायची.

तिने एकेक नावाड्याला बोलावून इंजिनं फुकट साफ करून द्यायला घेतली. पाचव्या दिवशी सगळ्यात म्हातारा नावाडी आला. शेडच्या दारात उभा राहिला, आत येईना.

"फुकट कशाला, पोरी? भावाने केलं, तुझी काय चूक?"

"मी तुम्हाला गलिच्छ म्हणायचे, काका."

"म्हणायचीस खरी," म्हातारा म्हणाला. "दोनदा."

"तीनदा," मिस्त्रीण म्हणाली आणि इंजिन उतरवायला त्याच्या बोटीकडे चालू लागली.