नव्या गाडीचा आवाज

रविवारी सकाळी आईने गाडीची किल्ली मुलीच्या उघड्या पुस्तकावर टाकली.

"ऊठ. खालच्या नाक्यापर्यंत एक चक्कर मारून ये, आणि गिअर बदलताना आवाज येतो का ते मला सांग. जसं असेल तसं सांग."

"अगं, मिस्त्रीने दोनदा बघितली ना?"

"त्या मिस्त्रीचं नाव काढू नकोस. शोरूमच्या आवारात एक गिरकी घेतो आणि म्हणतो, मला काही ऐकू आलं नाही. याच्या कानात काय बोळे घातलेत?"

तिने पुस्तक मिटलं. सुट्टीच्या दिवशी तेवढंच वाचायला मिळायचं. एरवी ती ग्रंथालयात पुस्तकं सांभाळायची, वाचायचे ते दुसरेच. पण आईचा सूर नेहमीचा नव्हता. चिडली की आई भराभर बोलायची. आज प्रत्येक शब्द वेगळा ठेवत होती.

घरात गेले दोन महिने गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. आई एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. सकाळी माणसं उपाशीपोटी तिची वाट बघत बसलेली असत. तिची जुनी स्कूटर एके दिवशी चढावर बसली ती उठलीच नाही. आईच्या मनात बिनगिअरची हलकी गाडी होती. बाबा म्हणाले, "आणि टेकडीवरची घरं कोण करणार? चढाला गिअरचीच गाडी हवी." बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. सायकलपलीकडे त्यांनी जन्मात काही चालवलं नव्हतं. नमुन्यांची पेटी मांडीवर धरून आईच्या मागे बसायचं आणि दुकानाशी उतरायचं, एवढाच त्यांचा गाडीशी संबंध. पण मत असं द्यायचे, जणू कारखाना वडिलोपार्जित.

"लग्नातही हेच झालं," आई म्हणाली होती. "पसंती यांची, चालवायचं मी."

निळी मोटरसायकल आली. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग गिअर वाजायला लागला. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना खाडकन, तिसऱ्याला त्याहून मोठ्याने. पोलादी कपाट कुणीतरी लाथेने बंद करावं, तसा. समोरचे काका गॅलरीतून ओरडायचे, "वहिनी, गाडी घेतलीत की खडी फोडायचं यंत्र?" आई हसायची. पहिल्या फेरीला मिस्त्री म्हणाला, "ताई, नवीन आहे, बसेल हळूहळू." दुसऱ्या फेरीला त्याने स्वतः चालवून पाहिली आणि गाडीत काही दोष नाही म्हणाला. त्या संध्याकाळी आई उशिरापर्यंत गाडीजवळ उभी होती.

मुलीने गाडी फाटकाबाहेर काढली. क्लच दाबला, पायाने गिअर टाकला. काही ऐकू आलं नाही. तिला वाटलं, पडलाच नाही. क्लच सोडला तर गाडी अलगद पुढे निघाली. दुसरा. तिसरा. साखर दुधात विरघळावी तसे गिअर एकामागून एक उतरत गेले. उताराची गल्ली सुनसान होती, दोन्हीकडच्या खिडक्या अर्ध्या झोपेत, आणि त्या शांततेत गाडी नुसती गुणगुणत होती.

खालच्या नाक्यावर ती थांबली.

अठराव्या वर्षी आईनेच तिला शिकवलं होतं. "क्लच म्हणजे दार. ते पूर्ण उघड, मग आत जा. अर्धवट उघडून घुसलीस तर चौकटीवर आपटणारच." आता तिने क्लचचा दांडा मुद्दाम अर्धाच दाबला आणि गिअर टाकला.

खाडकन.

तोच तो. महिनाभर घराने ऐकलेला, ओळखीचा. तिने पुन्हा करून पाहिलं. दांडा पूर्ण दाबला की मुका, अर्धा दाबला की तो आवाज. दांडा तरी केवढा हलका, लहान पोरानेही सहज ओढावा. तो पूर्ण ओढायला डाव्या हाताच्या चार बोटांत जेवढा जोर लागतो, तेवढा नसेल तर?

पुढे विचार करायचा नाही असं तिने ठरवलं, पण विचार काही तिला विचारून येत नव्हता. आई डावखुरी होती. गेल्या काही दिवसांत मात्र ती चहाचा कप उजव्या हाताने उचलत होती. "काय गं, या वयात शिस्त लागली?" असं मुलीने हसून विचारलं होतं. "शाळेत छड्या खाऊन लागली नाही, ती आता लागली बघ," आई म्हणाली होती. आणि गुरुवारी ग्रंथालयात आलेले ते म्हातारे मास्तर. आईकडे वर्षानुवर्षं रक्त द्यायचे. सुई कधी गेली आणि कधी निघाली ते कळत नाही, असं गावभर सांगत फिरणारे. बाही वर करून त्यांनी काळानिळा डाग दाखवला. "आईला बरं नाही का गं? दोनदा टोचावं लागलं तिला." नस सापडली नसेल, असं काहीतरी म्हणून तिने त्यांच्या पुस्तकावर शिक्का मारला होता.

ती परत फिरली. येतानाही गिअर मुकेच होते. मग वळणावरून तिला फाटक दिसलं आणि फाटकात उभी असलेली आई दिसली. उजव्या हातात फडकं, आणि डावा हात उजव्या कोपराखाली दडवलेला. थंडी वाजत असल्यासारखा. थंडी नव्हती. आईची मान जराशी वाकडी होती, चेहऱ्यावर शाळेच्या निकालाच्या दिवशी पोरांच्या चेहऱ्यावर असतं तसलं काहीतरी.

गिअर बदलताना क्लचवरची तिची बोटं आपोआप सैल पडली. खाडकन. चढ वाढला तसा तिने गिअर उतरवला. पुन्हा खाडकन.

फाटकाशी तिने गाडी बंद केली.

"येतो?" आईने विचारलं.

"येतो ना. दुसऱ्याला तर फारच."

"मी चालवते तेव्हा येतो, तसाच?"

"अगदी तसाच."

आईने तिच्याकडे पाहिलं. सुई घालण्याआधी ती माणसाच्या दंडाकडे बघायची तसं, घाई न करता.

"बरं," ती म्हणाली. "मग गाडीच असेल."

दुपारी दोघींनी मिळून कपडे वाळत घातले. आई कपडे देत गेली, चिमटे मुलीने लावले. मंगळवारी रजा काढायची, स्वतःच्या पाठदुखीचं निमित्त करायचं आणि सोबत म्हणून आईला डॉक्टरांकडे न्यायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. तिथे गेल्यावर आपणहून विषय काढता येईल, आईला न दुखवता. बेत चांगला होता. मंगळवार मात्र आईच्या वाट्याला आला नाही.

सोमवारी सकाळी बाबा दुकानाशी उतरले, आणि पुढे मोठ्या चौकात दिवा लाल होता. आईच्या मागे एक बस होती. बसचा ड्रायव्हर नंतर घरी येऊन गेला, खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "हिरवा पडला. मी हॉर्न दिला. बाई हलेनात. मला वाटलं, गिअर अडकला." त्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला. मग आई डावीकडे कलायला लागली. हळूहळू, झोप आलेल्या माणसासारखी. गाडी तिच्याबरोबर आडवी झाली. गाडीचा फक्त एक आरसा वाकडा झाला, बाकी ओरखडाही नव्हता.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत गाठ होती, तिच्यातून रक्तस्राव झाला. "आधी काही लक्षणं? हातापायात जोर कमी वाटणं वगैरे?"

"छे हो," बाबा म्हणाले. "घोड्यासारखी होती."

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे तिने विचारलं नाही. पुस्तकांत तिने पुष्कळ मरणं वाचली होती. तिथे माणसाला शेवटी काहीतरी उमगतं. तिला काही नवं उमगलं नाही. जे ठाऊक होतं, तेच जास्त जड झालं.

माणसं आली, बसली, गेली. आत्या म्हणाली, "गाडीच पांढऱ्या पायाची निघाली." बाबा एकदम उसळले. "गाडीला बोल लावून काय उपयोग? आणली कुणी? ती बिनगिअरची मागत होती. मी तिच्या गळ्यात ही बांधली." आणि त्या दिवसापासून त्यांच्या डोक्याने एक वाट धरली. गिअरचा एकेक धक्का हातातून खांद्यात, खांद्यातून डोक्यात गेला असणार. महिनाभर रोज. त्यानेच आतली नस फुटली. डॉक्टरांनी समजावलं तर म्हणाले, "डॉक्टरांना चष्म्याशिवाय माझी पाटी वाचता येत नाही, ते मला काय दाखवणार?" बोलणं विनोदी होतं, पण घरात हसायला कुणी नव्हतं.

दुकान दुपारपर्यंत बंद राहू लागलं. बाबा शोरूमच्या दाराशी उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "घेऊ नका. मी घेतली, बायको घालवून बसलो." जेवताना हात मध्येच थांबायचा. गालफडं बसली. मुलगी समोर बसून बघायची, रोज ओठांशी आलेलं गिळायची आणि भाजी वाढायची. दोष गाडीचा नव्हता, हे सांगायचं तर मग कशाचा होता तेही सांगावं लागणार होतं. आणि आपल्याला कसं कळलं, तेही.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "मला गाडी शिकव."

"तुम्हाला? कशाला?"

"तो धक्का कसा लागतो ते मला बघायचंय. टेकडीच्या चढावर. एकट्याने."

त्यांनी हे चहा मागावा इतक्या साधेपणाने म्हटलं. तिने किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि ग्रंथालयात जातानाही सोबत नेऊ लागली.

दुसरी किल्ली शोरूममधून गाडीबरोबरच मिळाली होती, हे तिच्या ध्यानात आलं ते तिथल्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा. "ताई, ताबडतोब या. तुमचे वडील गाडी ढकलत ढकलत इथवर घेऊन आलेत. आता वर चढून बसलेत आणि सुरू करतो म्हणतायत. आम्ही हँडल धरून ठेवलंय."

ती पोचली तेव्हा आवारात माणसांचं कडं झालं होतं. मधोमध निळ्या गाडीवर बाबा. अंगावरचा सदरा घामाने चिकटलेला, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. समोरून मिस्त्रीने हँडल धरलं होतं आणि तो आजोबांना समजवावं तसं म्हणत होता, "काका, उतरा. तुम्हाला चालवता येत नाही. भिंतीवर जाल."

"जाईन. मग तरी तुम्ही मानाल ना, गाडीत खोट आहे ते?" बाबांची नजर तिच्यावर गेली आणि चेहरा उजळला. "ही बघा. ही माझी मुलगी. शिकलेली आहे, खोटं बोलायची नाही. हिने चालवलीय ही गाडी, हिची आई गेली त्याच्या आदल्याच दिवशी. आईनेच मुद्दाम पाठवलं होतं हिला."

"बाबा, घरी चला."

"थांब. यांना कळू दे. मी आत रेडिओ लावला होता, तर ती मला म्हणाली, बंद करा हो, पोरगी जातेय ते ऐकू द्या. ही उतारावरून निघाली तेव्हापासून ती फाटकात कान देऊन उभी होती. हलली नाही जागची. मी चहाला हाक मारली तर नुसता हात वर केला, गप्प म्हणून." त्यांनी किल्ली मुठीत आवळली. "सांग यांना. आवाज होता की नव्हता?"

तिला एकाएकी कडं दिसेनासं झालं. उतारावर सगळं ऐकू जातं. त्या सकाळी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आईने एक गिअर ऐकला नव्हता, मग दुसरा, मग तिसरा. गाडी आवाज न करता नाक्यापर्यंत जाते आहे, हे तिने उभ्या जागी ऐकलं होतं. आणि नंतर परतताना, फाटक दिसल्यावर, पोरीने दोनदा काढून दाखवलेला आवाजही. आईला क्लच शिकवायला लागला नव्हता. तिनेच तर शिकवला होता. मग गाडीच असेल, असं ती म्हणाली ते कुणाच्या समाधानासाठी?

"सांग ना," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आता भांडण नव्हतं, विनवणी होती. "होता ना?"

मिस्त्री तिच्याकडे बघत होता. मॅनेजर बघत होता. तिने बाबांच्या मुठीवर हात ठेवला.

"जाताना नव्हता, बाबा," ती म्हणाली. "येताना मी काढला. आईचा डावा हात क्लच दाबत नव्हता. गाडीत काहीच नव्हतं, तिच्या हातात होतं. तिने मला बजावलं होतं, जसं असेल तसं सांग म्हणून. मी नाही सांगितलं. तुम्ही घेतलेली गाडी चांगली आहे, बाबा. गाडी चांगलीच आहे."